कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीतल्या मराठी मंडळींना, पोलिसांच्या दफ्तराबद्दल

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपला तो ग्रुप गणपतीच्या आरत्यांचं वेळापत्रक टाकायला म्हणून कुणीतरी सुरू केला होता, आता त्यात दोनशेच्या वर माणसं झालीत आणि आरत्या सोडून सगळं येतं, कढीपत्त्याचं रोप हवंय का, मॅथ्सचा ट्यूटर कोण चांगला, सोफा फुकट आहे घेऊन जा. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री तिथे एक स्क्रीनशॉट येऊन पडला. कुठल्यातरी खासगी साइटवरून उचललेला. अटकेनंतर पोलीस काढतात तो फोटो, मागे ती राखाडी भिंत, नाव, जन्मतारीख, खाली दोन कलमं. वर लिहिलेलं, "हे आपल्यातलेच ना?" मग अर्ध्या तासात एकाने मूळ गाव शोधून काढलं, एकीने बायको कुठे नोकरी करते ते सांगितलं आणि एका काकांनी नुसते हात जोडले, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मी काय केलं तेही सांगते, नाहीतर हे पत्र म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान व्हायचं. मी तो फोटो झूम करून बघितला. नवऱ्यालाही दाखवला. आणि मग झोपले.

गुरुवारी तो माणूस घरी आला. डीएच्या (डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे सरकारी वकील) ऑफिसने केस घेतलीच नाही. कोर्टात काही दाखलच झालं नाही म्हणजे निर्दोष सुटण्याचाही प्रश्न नाही, विषय तिथेच संपला. ही बातमी मात्र ग्रुपवर कुणी टाकली नाही, आणि ते कुटुंब तेव्हापासून कुठल्याच कार्यक्रमाला आलेलं नाही. ओळख पटेल असं मी इथे काहीही लिहिणार नाहीये, तुम्हीही कमेंटमध्ये लिहू नका प्लीज.

मला राग आला तो फक्त चोंबडेपणाचा नाही, तो तर आपल्या रक्तात आहे, वाड्यात खिडकीचं दार किलकिलं करून बघायचो तेच आता फोनवर करतो. राग याचा की हीच माणसं, आणि यात मी पण आले, आपल्या घरात चोरी झाली, आपल्या गाडीला कुणी ठोकलं, आपल्या मैत्रिणीला नवऱ्याने मारलं, तर पोलिसांकडून आपल्या हक्काचा कागद मागायला घाबरतात. दुसऱ्याचं दफ्तर उघडायला उत्साह आणि स्वतःचं मागायला संकोच! एवढ्यासाठीच हे लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी हे की ही माहिती उघडी का असते. कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे १९६८ चा, रोनाल्ड रेगन इथले गव्हर्नर असताना झालेला. २००४ मध्ये लोकांनी मतदान करून हा हक्क राज्याच्या घटनेतच घातला, प्रपोझिशन ५९. पोलिसांचा तपास त्यातून वगळलेला आहे, म्हणजे साक्षीदार काय म्हणाले, पुरावा काय मिळाला हे असं कुणालाही मिळत नाही. पण अटक झाली तर काही गोष्टी सांगाव्याच लागतात: कोणाला पकडलं, व्यवसाय काय, जन्मतारीख, उंची वजन डोळ्यांचा रंग, कधी आणि कुठे पकडलं, कशावरून, कोणती कलमं लावली, जामीन किती, आता माणूस कुठे आहे किंवा कसा सोडला. गव्हर्न्मेंट कोड ७९२३.६१० मध्ये ही यादी आहे (२०२३ पासून नंबर बदललेत, त्याआधी सगळं ६२५४ मध्ये कोंबलेलं होतं, जुने लेख वाचाल तर गोंधळाल).

हे वाचून पहिल्यांदा मलाही वाटलं, की काय हा निर्लज्जपणा, माणसाची जन्मतारीखसुद्धा? मग मामांची आठवण झाली. आणीबाणीत मामांना पहाटे उचललं होतं मिसाखाली, आणि कितीतरी दिवस घरी माहीतच नव्हतं की माणूस कुठल्या तुरुंगात आहे, आहे की नाही. आजी रोज कुणा ना कुणा वकिलाच्या पायरीवर जाऊन बसायची. "आता माणूस कुठे आहे" ही ओळ कायद्यात का आहे ते मला आजीमुळे कळतं. पोलिसांनी कुणालाही गुपचूप गायब करू नये, म्हणून अटक उघड. पहारा पोलिसांवर ठेवायचा होता, आपण तो शेजाऱ्यावर ठेवला.

आणि अटकेची नोंद म्हणजे नक्की काय हेही समजून घ्या. गावाकडे कुणाचाही सातबारा कुणीही काढून बघू शकतं. पण फेरफाराची नोंद नुसती पडलीये, मंडळ अधिकाऱ्याने अजून प्रमाणित केलेली नाही, तर जमीन त्याच्या नावावर झाली असं कुणी म्हणतं का? अटकेची नोंद तेवढीच, पडलेली. पोलिसाला रस्त्यावर त्या क्षणी तसं वाटलं. पुढे डीए बघणार, केस दाखल करायची की नाही ते ठरवणार, माणूस कोठडीतच असेल तर साधारण ४८ तासांत (रविवार आणि सुट्ट्या सोडून) कोर्टापुढे न्यावं लागतं, त्यानंतर कुठे खरं काय ते सुरू होतं. केस न घालताच सोडलं तर कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो की ती अटक समजायचीच नाही, नुसतं 'डिटेन्शन' समजायचं, रेकॉर्डमध्ये तसं लिहायचं आणि त्या माणसाला तसं सर्टिफिकेट द्यायचं. म्हणजे आपल्या ग्रुपवर ज्या "अटकेची" चर्चा झाली ती कायद्याच्या भाषेत अटकच उरली नाही. स्क्रीनशॉट उरला.

फोटोचं तर वेगळंच प्रकरण आहे. लोकांना वाटतं मगशॉट, म्हणजे हा अटकेनंतरचा बुकिंग फोटो, पब्लिक रेकॉर्ड आहे, मागितला की मिळालाच पाहिजे. वर यादी दिलीये तीत फोटो आहे का बघा. नाहीये. पोलिसांना वाटलं तर देतात, नाही वाटलं तर अडवून ठेवतात. आठवत असेल, स्टॅनफर्डचा विद्यार्थी ब्रॉक टर्नर याच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये, आपल्याच काउंटीतली, शिक्षा झाली जून २०१६ मध्ये आणि तोपर्यंत सगळीकडे त्याचा कोट टाय घातलेला हसरा फोटो छापून येत होता, लोकांनी ओरडा केला तेव्हा कुठे बुकिंगचा फोटो बाहेर आला. आणि २०२२ पासून तर अहिंसक गुन्ह्याच्या संशयावरून पकडलेल्या माणसाचा बुकिंग फोटो पोलिसांनी स्वतःच्या सोशल मीडियावर टाकायचाच नाही असा नियम झालाय, काही अपवाद सोडून, जसं की माणूस फरार आहे आणि लोकांना धोका आहे. म्हणजे जे करायला पोलिसांना बंदी आहे ते आपण रात्री साडेदहाला गादीत पडून करतोय.

त्या खासगी साइट्सचा धंदा माहितीये? फोटो लावायचे आणि काढायचे पैसे मागायचे. काढायचे पैसे घेणं कॅलिफोर्नियात २०१५ पासून बेकायदा आहे. २०१८ मध्ये इथल्या अ‍ॅटर्नी जनरलने मगशॉट्स डॉट कॉमचे मालक म्हणून चौघांवर खंडणीचे आरोप ठेवले, तेव्हा आरोपपत्रात होतं की तीन वर्षांत देशभरातल्या साडेपाच हजारांवर लोकांकडून वीस लाख डॉलरपेक्षा जास्त उकळले. खंडणीच ती! आणि तुमचा प्रत्येक क्लिक त्या धंद्याचं गिऱ्हाईक.

अजून एक, आपल्या नावांचा घोळ. आपलं मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, इथल्या फॉर्मवर ते कधी लागतं कधी गळतं, कधी फक्त एक अक्षर. उरतं पहिलं नाव आणि जोशी, कुलकर्णी, पाटील, देशपांडे. या काउंटीत एकाच पहिल्या नावाचे कुलकर्णी किती असतील? मला तरी चार माहितीयेत. त्यात कोर्टाच्या वेबसाइटवर आता जन्मतारीख टाकून शोधता येत नाही, २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या केसमध्ये अपील कोर्टाने सांगितलं की अशी सोय ठेवणं नियमात बसत नाही, लोकांच्या प्रायव्हसीसाठी. म्हणजे नावावर हिट आला म्हणून तो तोच माणूस हे छातीठोकपणे सांगता येत नाही. स्थळ बघताना मुलाचं नाव टाकून शोधणाऱ्या मावश्या आहेत आपल्यात (मला माहितीये कोण ते), त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

बरं, आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे चोरी झाली. दिवाळीच्या आधीचा आठवडा, आम्ही दोघं ऑफिसला, मागचं सरकतं दार फोडलं, आणि बेडरूममधून आईच्या पाटल्या, माझं मोठं मंगळसूत्र, मुलीच्या बारशाच्या बिंदल्या, सगळं गेलं. आपल्याकडे सोनं असतं हे चोरांना आपल्यापेक्षा नीट माहीत असतं, दारावर तोरण असतंच. पोलीस आले, चांगले वागले, एक कार्ड दिलं ज्यावर रिपोर्टचा नंबर हाताने लिहिलेला. इन्शुरन्सवाल्याने रिपोर्ट मागितला. मी खिडकीवर गेले तर तिथल्या बाईंनी सांगितलं की तपास चालू आहे, देता येत नाही. मी "ओके थँक्यू" म्हणून परत आले. शहराचं नाव लिहीत नाही, त्या बाईंनाही बहुतेक तेवढंच शिकवलं असेल. पण मी तीन महिने काहीही केलं नाही! का? तर आपली सवय. पोलीस नाही म्हणाला म्हणजे नाही, फार तर कुणाची ओळख आहे का बघू. पुण्यात वडिलांनी सायकल हरवल्याची तक्रार नोंदवायला सुद्धा ओळखीचा हवालदार शोधला होता.

नंतर लेकीच्या मैत्रिणीने, कॉलेजच्या पेपरात लिहिते ती, कायदा काढून दाखवला. ७९२३.६०५. चोरी, घरफोडी, जाळपोळ, गाडीचोरी, तोडफोड, अशा प्रकरणात ज्याचं नुकसान झालं तो माणूस, त्याचा प्रतिनिधी आणि त्याची इन्शुरन्स कंपनी, यांना सर्वसामान्य जनतेपेक्षा जास्त मिळतं, त्यात सामील असलेल्यांची आणि साक्षीदारांची नावं, जबाबसुद्धा, जोपर्यंत त्याने कुणाच्या जिवाला धोका किंवा तपासात अडथळा येत नाही. तपास चालू आहे एवढं एकच वाक्य बोलून मला वाटेला लावायला नको होतं. मी एक ईमेल लिहिली, पाच ओळींची, रिपोर्ट नंबर, तारीख, पत्ता, मी पीडित आहे, या कलमाखाली मागतेय. नवव्या दिवशी रिपोर्ट आला, काही ओळी काळ्या केलेल्या पण क्लेमला पुरेसा. (क्लेमचं काय झालं विचारू नका. बऱ्याच साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला अगदी थोडी मर्यादा असते, हजार दीड हजार डॉलरच्या आसपास, आमच्यात तेवढीच होती, आईच्या एका पाटलीचेही आले नाहीत. दागिने वेगळे लिहून घ्या पॉलिसीत, आजच.)

मागायचं कसं हे लोक मला विचारतात तर त्यात काही मोठं शास्त्र नाही. सिटिझन असायची गरज नाही, ग्रीन कार्डची नाही, व्हिसा कुठला ते कुणी विचारत नाही, कशासाठी हवंय ते सांगायची पण सक्ती नाही. तोंडी मागितलं तरी चालतं, पण लेखी मागा, तारीख राहते. दहा दिवसांत त्यांनी सांगायचं की देणार की नाही, आणि नाही म्हटलं तर कुठल्या कलमाखाली नाही ते. अडचण असेल तर अजून चौदा दिवस वाढवता येतात. हे दहा दिवस उत्तराचे आहेत, कागद हातात पडायचे नाहीत, इथे भलेभले फसतात. पैसे फक्त कॉपीचे, शोधायला लागलेल्या वेळाचे नाहीत. शेजारच्या अलामेडा काउंटीत हेवर्ड शहराने बॉडी कॅमेऱ्याच्या व्हिडिओतले भाग कापायचे म्हणून वकिलांच्या एका संघटनेकडून तीन हजार डॉलरवर बिल घेतलं होतं, २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे असं घेता येत नाही.

कुणाकडे मागायचं, इथे मात्र खरी मेख आहे. आपण "काउंटी पोलीस" म्हणतो, तसं काही नसतं. या काउंटीत १५ शहरं, त्यातल्या ११ शहरांचं स्वतःचं पोलीस खातं. कुपर्टिनो, साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स यांनी ते काम शेरीफकडे (काउंटीचा, लोकांनी निवडून दिलेला कायदा-सुव्यवस्थेचा अधिकारी) दिलंय, म्हणजे कुपर्टिनोत घर फोडलं तर रिपोर्ट शेरीफ ऑफिसकडे. माँटे सेरेनोचं लॉस गॅटोसवाले बघतात. सनीवेलमध्ये पोलीस आणि फायरब्रिगेड एकच, डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, १९५० पासून, तोच माणूस आग पण विझवतो आणि चोर पण पकडतो, मला हे फार आवडतं. १०१ किंवा २८० हायवेवर कुणी ठोकलं तर शहराचा काही संबंध नाही, तो रिपोर्ट हायवे पॅट्रोलचा, त्यांचा वेगळा फॉर्म असतो, सीएचपी १९०. आणि पकडलं कुणीही असलं तरी कोठडी काउंटीची, सॅन होजेतलं मेन जेल नाहीतर मिलपिटासचं एल्मवुड, म्हणजे माणूस आत आहे का, कधी सुटणार, हे विचारायचं शेरीफकडे, पण का पकडला ते त्या शहराकडे, आणि केसचं पुढे काय झालं ते सुपीरियर कोर्टाकडे. चुकीच्या खिडकीवर गेलात की "आमच्याकडे असं काही रेकॉर्ड नाही" असं उत्तर येतं, ते खोटंही नसतं, आणि लोक समजतात की दडपलं.

एखाद्याची सगळी कुंडली मात्र कुठेच मिळत नाही. आयुष्यभरातल्या अटका आणि शिक्षा यांची यादी, रॅप शीट म्हणतात ती, गोपनीय आहे. स्वतःची हवी असेल तर बोटांचे ठसे देऊन, लाइव्ह स्कॅन करून, राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ जस्टिसकडून २५ डॉलरमध्ये मिळते, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. अठराच्या खालच्या मुलांचं रेकॉर्ड बंदच.

आता एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगायची आहे, बायकांसाठी. ज्या घरी मार खातात आणि एकदा कधीतरी ९११ लावला, पोलीस येऊन गेले, मग सासूबाईंचा भारतातून फोन आला आणि सगळं मिटलं, त्यांच्यासाठी. तो रिपोर्ट तुमचा आहे. फॅमिली कोड ६२२८. तुम्ही मागितला तर वरचं पान साधारण ४८ तासांत आणि पूर्ण रिपोर्ट पाच वर्किंग दिवसांत द्यायचा असतो, फार तर योग्य कारण असेल तर थोडा उशीर, आणि एक सेंटही लागत नाही. पाच वर्षांपर्यंत मागता येतो, म्हणजे आज हिंमत नसेल तर पुढच्या वर्षी मागा. तुमचं नाव आणि पत्ता गुप्त ठेवा असंही सांगता येतं. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, असलात तरी. पुढे कोर्टात मुलांच्या ताब्याचा विषय आला किंवा तुमच्या स्वतःच्या कागदपत्रांचा, तर हा कागद हातात असणं आणि नसणं यात जमीन अस्मानाचा फरक. एकटीला जमत नसेल तर आपल्या काउंटीतच 'मैत्री' आहे, १९९१ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात, हिंदी बोलतात, जज करत नाहीत. मी एका मुलीबरोबर खिडकीवर गेले होते, बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून तिने रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "ताई, मी जे बोलले होते तेच यांनी लिहिलंय." तिला वाटलं होतं नवऱ्याचं इंग्लिश चांगलं म्हणून त्याचंच लिहिलं असेल.

हिच्याबद्दल ग्रुपवर कुणी विचारलं नाही कधी, आणि देवाच्या कृपेने कुणाला कळलंही नाही. कळलं असतं तर काय झालं असतं त्याचा अंदाज मला त्या मंगळवारी आला.

ज्यांच्या घरात अशी अटक होऊन गेलीये, आणि दोनशे माणसांत दोन-तीन घरं निघतातच, त्यांच्यासाठी पण. केस झाली नाही किंवा सुटलात, तर कॅलिफोर्नियात ती अटक सील करायला अर्ज करता येतो, पीनल कोड ८५१.९१, २०१८ पासून. करा. पण सील करण्याआधी सर्टिफाइड कॉप्या काढून ठेवा, कोर्टाचं डिस्पोझिशन (केसचं शेवटी काय झालं तो कागद), किंवा केस घातली नाही असं डीएचं पत्र, आणि ते तिजोरीत ठेवा सोन्याच्या जागी. कारण इमिग्रेशन हे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, ते राज्याचं सील मानत नाही, नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर कधीही अटक झाली होती का हा प्रश्न असतो आणि सील झालेलीही सांगायची असते. लपवलं तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणं महागात पडतं. आणि पोरांनो, पार्टीतून गाडी चालवत येऊ नका, २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं नुसत्या डीयूआयच्या (पिऊन गाडी चालवण्याच्या) अटकेवरून व्हिसाचा शिक्का रद्द करू शकतं, शिक्षा व्हायची वाट बघत नाही. त्यासाठी वकील बघा, माझं ऐकू नका, मी वकील नाहीये, मी टेस्टिंगमध्ये आहे.

आपल्यात हायरिंग मॅनेजर पण खंडीभर आहेत. लेबर कोड ४३२.७ वाचा, शिक्षा न झालेल्या अटकेबद्दल उमेदवाराला विचारायचंही नाही आणि दुसरीकडून शोधून वापरायचंही नाही. ग्रुपवर बघितलं आणि मग सोमवारी रेझ्युमे बाजूला ठेवला, हे पण त्यातच येतं.

डोकावायची एवढीच हौस असेल तर एक सुचवू? पोलिसांवर डोकवा. २०१९ पासून इथे पोलिसांच्या स्वतःच्या फाइली उघडायला लागल्यात, गोळीबार झाला, कुणी गंभीर जखमी झालं, पोलीस खोटं बोलल्याचं चौकशीत सिद्ध झालं, तर ते कागद कुणीही मागू शकतं. मोठ्या घटनेचा बॉडी कॅमेऱ्याचा व्हिडिओ साधारण ४५ दिवसांत बाहेर यावा लागतो, सबळ कारण नसेल तर. या काउंटीत हे फार लागतं हो. १९९८ मध्ये निवडून आलेल्या आपल्या शेरीफ लॉरी स्मिथ, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला शेरीफ म्हणून किती कौतुक, २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी धरलं, लपवून बंदूक बाळगायच्या परवान्यात मर्जीतल्यांना झुकतं माप आणि शार्क्स या आइस हॉकी टीमच्या मॅचचा आलिशान बॉक्स वापरून तो जाहीर न करणं वगैरे. निकालाच्या तीन दिवस आधी राजीनामा दिला होता. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी काय चालू होतं मी मागे जाऊन बघितलं, चकलीची भाजणी कोणत्या दुकानात मिळते ते.

अ‍ॅडमिन मंडळींना एक विनंती. ग्रुपच्या नियमात "राजकारण नको, जाहिराती नकोत" लिहिलंय तिथे खाली "अटकेचे फोटो आणि नावं नकोत" एवढी ओळ टाका, कारण विचारलं तर हे पत्र दाखवा. आणि ज्यांनी तो स्क्रीनशॉट टाकला त्यांनी, जाहीर माफी वगैरे नाटक नको, त्या घरी एक फोन करा. मी केला. पहिल्या दोन वेळा उचलला नाही, तिसऱ्या वेळेला वहिनींनी उचलला, आम्ही पाच मिनिटं पावसाबद्दल बोललो.

ज्यांना स्वतःचा रिपोर्ट मागायचाय आणि ईमेल लिहायला जमत नाहीये त्यांनी मला वेगळा मेसेज टाका, ग्रुपवर नको. रिपोर्टचा नंबर, तारीख, कुठल्या रस्त्यावर घडलं, बास. शनिवारी दुपारी मी मोकळी असते.

तुमचीच,
ग्रुपमधली एक, जिने फोटो झूम केला होता